गोळी पेंडीच्या पोत्यात भुगा का निघतो?



सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले की ऊस, पाणी आणि दर यांच्याबरोबर आणखी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे पेंडीचा. "औंदा पेंडीत लई भुगा निघतोय," असे एकजण म्हणतो. "आमच्याकडची तर दगडासारखी हाय, गाय चघळत बसती," असे दुसरा सांगतो. तिसरा जरा आवाज खाली आणून म्हणतो, "घट्ट व्हायला माती घालत्यात त्यात." एवढे बोलून सगळे किटल्या उचलतात आणि घरी जातात. पोते मात्र त्याच दुकानातून, त्याच भावाने येत राहते.

उसाचे पैसे वर्षातून हाती येतात, दुधाचे दर दहा दिवसांनी. घरचा किराणा, पोरांची फी, दवाखाना हे सगळे त्या दहा दिवसांच्या पैशावर चालते. दुधाच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा चारा आणि खुराकाचा असतो. तेव्हा पोत्याच्या तळाशी निघणारा भुगा ही किरकोळ बाब म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

एक हिशेब करून पाहू. समजा, ५० किलोच्या पोत्यात ४ किलो भुगा निघाला आणि पेंडीचा भाव किलोला ३२ रुपये आहे. म्हणजे एका पोत्यामागे १२८ रुपयांचा भुगा झाला. दोन दुभत्या गाईंना मिळून रोज १० किलो पेंड लागत असेल तर महिन्याला सहा पोती होतात, आणि भुगा ७६८ रुपयांचा. तो सगळाच वाया जातो असे नाही. पण काही वाऱ्याने उडतो, काही गव्हाणीच्या फटीत बसून आंबतो, काही गाईच्या नाकात जातो आणि ती फुरफुर करून तोंड काढून घेते. त्यातला निम्मा गेला तरी वर्षाला साडेचार हजारांवर पाणी पडले.

मग हा भुगा येतो कुठून? गोळी कशाने धरते आणि कशाने सुटते? घट्ट गोळी म्हणजे चांगली पेंड, असे म्हणता येईल का? या लेखात एवढेच तीन प्रश्न घेतले आहेत.

भाकरीपासून सुरुवात करू

याचे अर्धे उत्तर आपल्या चुलीपाशीच आहे. जोंधळ्याचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना ती तुटते. मग घरातली बाई काय करते? गार पाणी बाजूला ठेवते, आधण ठेवते आणि त्या कढत पाण्यात पीठ मळते. तेच पीठ, तोच हात, पण भाकरी नीट थापली जाते.

याचे कारण स्टार्च. स्टार्च म्हणजे आपण कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून काढतो तो चीक. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, गहू या सगळ्या धान्यांत तो असतो. मक्याच्या दाण्यात तर जवळजवळ दोन तृतीयांश भाग स्टार्चच असतो. हा स्टार्च बारीक बारीक कणांच्या रूपात असतो. गार पाण्यात हे कण तसेच राहतात, भांड्याच्या तळाशी बसतात. पाणी तापवले की एका ठरावीक उष्णतेला ते पाणी पितात, फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. कुरडईचा चीक शिजवताना आधी दुधासारखा असतो आणि मग एकदम घट्ट होऊन चाटूला धरतो, तोच हा क्षण. पोस्टर चिकटवायची खळही अशीच होते.

मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला फुगतो. गव्हाचा त्याच्या थोडा आधी, तर ज्वारीचा आणि तांदळाचा थोडा उशिरा, ७० अंशांच्या आगेमागे. यात दोन गोष्टी एकदम लागतात, उष्णता आणि पाणी. नुसते पीठ तव्यावर भाजले तर ते खमंग होईल, पण चिकटणार नाही. नुसते गार पाणी घातले तर लगदा होईल, वाळला की सुटेल. गोळी पेंडीच्या कारखान्यात वाफ वापरतात ती याचसाठी. वाफेत उष्णता आणि पाणी दोन्ही एकत्र येतात.

पोत्यात येण्याआधी काय घडते

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत पशुखाद्याचा धंदा चांगला रुजलेला आहे. बारामती तालुका सहकारी दूध उत्पादक संघ, बारामती ॲग्रो, इंदापूरची सोनाई अशी नावे आपल्याला पाठ आहेत. या लेखाचा रोख कोणत्याही एका नावाकडे नाही. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच असते.

आधी मका, पेंडी, कोंडा हा कच्चा माल हॅमर मिलमध्ये भरडतात. मग मिक्सरमध्ये वजनाप्रमाणे सगळे एकत्र करतात. त्यात क्षार मिश्रण, मीठ, जीवनसत्त्वे जातात आणि मळी, म्हणजे आपल्या कारखान्यात साखर काढून उरणारे काळे मोलॅसिसही जाते. हे मिश्रण पुढे कंडिशनर नावाच्या आडव्या नळकांड्यात येते. तिथे पाती फिरत असतात आणि बाजूने वाफ सोडलेली असते. वाफाळलेले मिश्रण डायवर पडते. डाय म्हणजे जाड पोलादी कडे, त्याला हजारो भोके. आतले रोलर मिश्रण त्या भोकांतून दाबून बाहेर काढतात, जशी सोऱ्यातून शेव पडते तसे. जनावरांच्या पेंडीसाठी ही भोके बहुधा ६ ते ८ मिलिमीटरची असतात. बाहेर आलेली कांडी पात्याने कापली जाते, कूलरमध्ये हवेने गार होते, चाळणीवरून जाते आणि पोत्यात भरली जाते. चाळणीखाली पडलेला भुगा परत डायकडे जातो.

चाळणीनंतर पोत्यात गेलेली पेंड तर अख्खीच असते. मग आपल्या पोत्यात भुगा निघतो तो वाटेत मोडलेल्या गोळ्यांचा. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की गोळी वाटेतला मार का सोसू शकली नाही.

वाफेचा हिशेब

वाफेचे आपल्या सभासदांना नवल नाही. गळीत हंगामात बॉयलर, टर्बाइन, एक्झॉस्ट स्टीम हे शब्द आपल्या कानावर रोज असतात. टर्बाइनला कोरडी, जादा तापवलेली वाफ लागते. टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस तापतो, आटतो. रस तापवणारी वाफ आपली उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि पाणी होतानाच ती सर्वांत जास्त उष्णता सोडते. पेंडीच्या कंडिशनरमध्ये हेच घडते. फरक एवढाच की इथे वाफेचे झालेले पाणी नळीतून वेगळे जात नाही, ते मिश्रणातच मुरते.

त्याचा हिशेब सोपा आहे. मिश्रणात वाफेमुळे १ टक्का ओलावा वाढला की त्याची उष्णता ढोबळमानाने ११ ते १५ अंशांनी चढते. मिश्रण ३० अंशांवर आणि १२ टक्के ओलाव्याचे असेल, आणि ते ८० अंशांपर्यंत न्यायचे असेल, तर जवळजवळ ४ टक्के वाफ मुरते. म्हणजे डायवर पडताना ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास असतो. डायला साधारण एवढाच मानवतो. १७-१८ टक्क्यांच्या वर गेला की मिश्रण रोलरखाली घसरते, भोके तुंबतात आणि मशीन बंद पडते.

आता आपल्याकडचे हवामान लक्षात घ्या. पौष महिन्यात पहाटे मिश्रण १८ अंशांवर असते. ते ८० पर्यंत न्यायला ५ टक्क्यांपर्यंत वाफ लागते. वैशाखात पत्र्याच्या गोदामातला माल ४० अंशांवरच असतो. त्याला साडेतीन टक्के वाफेतच ८० अंश गाठता येतात. उष्णता तेवढीच झाली, पण ओलावा कमी पडला. शिवाय उन्हाळ्यात कच्चा माल मुळातच कोरडा झालेला असतो. स्टार्चला पाणी कमी मिळाले की तो कमी फुगतो आणि गोळी ठिसूळ होते. म्हणून उन्हाळ्यात नुसता उष्णतेचा काटा बघून भागत नाही, ओलावाही मोजावा लागतो. काही ठिकाणी मिक्सरमध्ये बेताचे पाणी घालून तो भरून काढतात.

वाफ कोरडी आहे की ओली, हाही एक मुद्दा आहे. बॉयलरपासून लांबून, उघड्या नळीतून आलेली वाफ वाटेत निवते आणि तिच्यात पाण्याचे थेंब येतात. असे थेंब मिश्रणावर पडले की काही ठिकाणी लगदा होतो आणि काही ठिकाणी पीठ कोरडेच राहते. गोळीही तशीच निघते, एक कडक तर एक ठिसूळ. म्हणून नळीला कापडी किंवा लोकरी वेष्टण हवे आणि निवलेले पाणी काढून टाकणारा स्टीम ट्रॅप चालू हवा. कारखान्यातल्या कोणत्याही फिटरला विचारा, तो हेच सांगेल.

तिसरी बाब वेळेची. दाण्याच्या बाहेरून लागलेली वाफ आतपर्यंत मुरायला वेळ लागतो. साध्या कंडिशनरमध्ये मिश्रण १५ ते ३० सेकंदच राहते. दोन किंवा तीन नळकांडी एकावर एक बसवली, किंवा पात्यांचा कोन बदलला, तर हा वेळ वाढतो. पोत्यांची संख्या वाढवण्यासाठी मशीन जोरात पळवले तर वेळ कमी होतो. मागणीच्या दिवसांत पेंड ठिसूळ येण्याचे हेही एक कारण असू शकते.

एकट्या स्टार्चवर सगळे अवलंबून नाही

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाफ दिली म्हणजे सगळा स्टार्च शिजला, असे नाही. कुरडईचा चीक शिजवताना आपण पाणी भरपूर घेतो. पेंडीत ओलावा असतो फक्त १६ टक्के, तेवढ्यात सगळा स्टार्च फुगणे शक्यच नसते. गोळी होईपर्यंत त्यातला थोडाच भाग, साधारण ५ ते २० टक्के, खऱ्या अर्थाने शिजतो. त्यातलाही बराचसा डायच्या भोकात घासटून शिजतो, कारण तिथे दाब असतो आणि घर्षणाने उष्णता आणखी चढते.

मग बाकीचे काम कोण करते? पेंडीतली प्रथिनेही उष्णतेने मऊ होतात आणि गार झाल्यावर घट्ट धरतात. मळी चिकटपणा देते. भरड बारीक असेल तर कण एकमेकांत नीट बसतात. मोठा तुकडा राहिला तर गोळी नेमकी तिथूनच मोडते. डाय जाड असेल तर माल जास्त दाबला जातो. गोळी घाईने गार केली तर वरून वाळते, आतून ओली राहते आणि तिला चिरा पडतात.

या धंद्यात एक जुना ढोबळ हिशेब सांगतात. गोळीच्या मजबुतीत ४० टक्के वाटा कच्च्या मालाचा, २० टक्के भरडण्याचा, २० टक्के वाफेचा, १५ टक्के डायचा आणि ५ टक्के गार करण्याचा. हे आकडे काट्यावर तोललेले नाहीत, पण त्यांतून एक गोष्ट ध्यानात येते. माल डायवर पोचण्यापूर्वीच बहुतेक निकाल लागलेला असतो. आणि सर्वांत मोठा वाटा मिश्रणात काय घातले याचा आहे.

मका कुठे चालला

इथे आपल्या उसाचा आणि पेंडीचा थेट संबंध येतो.

गोळीला चीक पुरवणारा मुख्य माल मका. तो महाग झाला की तेल काढलेला भाताचा कोंडा जास्त घालतात. त्यात तंतू आणि राख जास्त, चीक कमी. गोळीही नीट धरत नाही आणि डायही लवकर झिजते. सरकी पेंडीत प्रथिने आणि तेल असते. तेल गाईला चांगले, पण मिक्सरमध्ये ते जास्त झाले की कणांवर त्याचा पातळ थर बसतो, वाफ आत मुरत नाही आणि गोळी सैल होते. घावनाच्या पिठात तेल जास्त झाले की ते कसे मोडते, तसेच.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि इथेनॉलसाठी मक्याची मागणी झपाट्याने वाढली. मार्च २०२५ मध्ये सहकारी साखर कारखान्यांच्या इथेनॉल प्रकल्पांना मका आणि खराब धान्यही वापरता यावे, म्हणून व्याज सवलतीची योजना जाहीर झाली. कारखान्यांच्या दृष्टीने ही गोष्ट चांगली आहे, हंगाम संपल्यावरही डिस्टिलरी चालू राहील. परंतु तोच सभासद संध्याकाळी गाईला पेंड घालतो, हेही पाहावे लागेल.

एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते आणि सुमारे ३०० किलो चोथा उरतो. वाळवलेल्या या चोथ्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. तो आता पशुखाद्यात मोठ्या प्रमाणात येऊ लागला आहे. त्यात प्रथिने भरपूर, तेलही बऱ्यापैकी. पण मक्यातला स्टार्च आंबवून त्याचेच तर इथेनॉल केलेले असते, म्हणून चोथ्यात चीक जवळजवळ उरत नाही. मका काढून त्या जागी डीडीजीएस घातले की कागदावर प्रथिने वाढतात आणि गोळी मात्र ठिसूळ होते. मळीलाही इथेनॉलचे गिऱ्हाईक मिळाले आहे. चिकटवणाऱ्या दोन्ही वस्तू, मका आणि मळी, एकाच दाराने बाहेर चालल्या आहेत.

त्यांच्या जागी मग बांधणी करणारे पदार्थ घालतात. त्यांतला एक बेंटोनाइट. ही खरोखरच एक प्रकारची चिकणमाती आहे. म्हणजे डेअरीवरचा तिसरा माणूस म्हणतो त्यात तथ्य अजिबात नाही, असे नाही. जगभर ती पशुखाद्यात एक-दोन टक्के वापरतात आणि तेवढ्याने जनावराला अपाय होत नाही. पण तिच्यात पोषण शून्य असते. थोडी असेल तर ती बांधणी, जास्त झाली तर भेसळ.

घट्ट गोळी म्हणजे चांगली पेंड नव्हे

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच देतो. गोळी घट्ट आहे, यावरून ती नीट बनवली एवढेच कळते. तिच्यात काय आहे, ते कळत नाही. हलक्या मालाची गोळीही बांधणी घालून घट्ट करता येते आणि उत्तम मालाची गोळी वाफ कमी पडली तर ठिसूळ निघते.

घट्ट गोळीचे फायदे आहेत. गाईला त्यात निवड करता येत नाही, क्षार, कोंडा, मका सगळे एका घासात जाते. नुसते मिश्रण घातले तर ती आवडीचे आधी खाते आणि क्षाराची पूड तळाशी राहते. आपल्याकडे हंगामात उसाचे वाढे भरपूर घालतात. वाढ्यात ऑक्झलेट असते, ते शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवते. अशा वेळी क्षार मिश्रण गाईच्या पोटात जाणे फार महत्त्वाचे असते, आणि ते नेमके भुग्याबरोबर तळाशी राहू नये.

पण गोळी वाजवीपेक्षा कडक असली तर गाय सावकाश खाते आणि धारेच्या वेळेत खुराक संपत नाही. घट्टपणासाठी उष्णता फार चढवली तर काही जीवनसत्त्वे कमी होतात. चांगली गोळी बोटांनी मोडताना थोडा जोर लागावा, मोडल्यावर आत एकसारखी दिसावी आणि लाळेत मऊ पडावी.

वाफेने विष जात नाही

आता सर्वांत काळजीची बाब. वाफेने पुष्कळसे जंतू आणि बुरशी मरतात, हे खरे. पण बुरशीने आधीच तयार केलेले विष, अफ्लाटॉक्सिन, ८०-९० अंशांना जात नाही. मक्यावर, सरकीवर, शेंगपेंडेवर हिरवट-पिवळी बुरशी आली असेल तर तो माल भरडून, वाफवून, सुंदर गोळी केली तरी विष त्यात तसेच राहते. गोळी झाल्यावर डोळ्यांना ते दिसतही नाही. मका आंबवून इथेनॉल केले तरी विष चोथ्यातच राहते आणि चोथा मक्याच्या एक तृतीयांश उरत असल्याने त्याचे प्रमाण जवळजवळ तिपटीने वाढते.

हे विष गाईच्या दुधात उतरते. दुधात अफ्लाटॉक्सिन एम-वनची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पशुखाद्याच्या भारतीय मानकात, आयएस २०५२ मध्ये, अफ्लाटॉक्सिन बी-वनला २० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे. त्याच मानकात पेंडीचा ओलावा ११ टक्क्यांवर नसावा असे म्हटले आहे, तेही याच कारणाने. वाफेचा मुरलेला ओलावा कूलरमध्ये नीट निघाला नाही, गोळी गरम असतानाच पोते शिवले, तर आत घाम सुटतो आणि पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत बुरशी धरते. म्हणजे ज्या वाफेने गोळी बांधली, तीच आत राहिली तर घात करते.

दूध नाकारले गेले तर नुकसान दूध घालणाऱ्याचे. पेंड कुणी बनवली, मका कुणी विकला, हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

सभासदांनी घरी काय तपासावे

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

पहिले, भुगा मोजा. पोते उघडल्यावर गोळीपेक्षा बारीक छिद्रांच्या चाळणीने सगळे चाळा आणि खालचा भुगा वजन करा. एका पोत्यावरून निष्कर्ष काढू नका, तीन पोती पाहा. पोत्यावरचा बॅच नंबर आणि तारीख वहीत लिहा. "भुगा लई हाय" असे सांगितले तर दुकानदार हसतो. "अमुक बॅच, तीन पोत्यांत सरासरी साडेचार किलो" असे सांगितले तर त्याला वर कळवावे लागते.

दुसरे, आपली हाताळणी पाहा. ट्रॉलीतून पोते आपटून टाकणे, हूक मारणे, दहा-बारा थर रचणे, यांनी चांगली गोळीही मोडते. सगळा दोष कारखान्याच्या माथी मारण्याआधी उतरवताना पोते फेकले की ठेवले, ते बघावे.

तिसरे, पाण्याची परीक्षा समजून करा. गोळी पाण्यात लगेच विरघळली म्हणून वाईट आणि टिकली म्हणून चांगली, असे जनावरांच्या पेंडीत धरू नये. पाण्यात टिकणारी गोळी माशांच्या खाद्याला लागते, गाईच्या नव्हे. त्याऐवजी मूठभर पेंड काचेच्या ग्लासात पुष्कळ पाणी घालून ढवळा आणि वरचे पाणी दोन-तीनदा हळूच ओतून द्या. तळाला जड वाळू, खर बसलेला दिसला तर शंका घ्यायला जागा आहे.

चौथे, वास घ्या आणि हात घाला. कुबट वास, हाताला ऊब, गोळ्यांचे गठ्ठे, यांपैकी काहीही आढळले तर ते पोते जनावराला घालू नका. पैसे गेले तरी चालतील.

पाचवे, पोती जमिनीवर ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवा. ओलसर कोपरा, गव्हाणीशेजारची जागा टाळा. पावसाळ्यात तीन आठवड्यांपेक्षा जास्त साठा करू नका.

आणि चांगल्या पेंडीचा भुगा फेकू नका. तो मोडलेल्या गोळ्यांचाच असतो. पाण्याचा हात मारून कुट्टीत मिसळा, म्हणजे उडणार नाही.

एकट्याने नव्हे, मिळून विचारावे

३१ ऑक्टोबर १९६४ रोजी गुजरातमध्ये कंजरी येथे खेडा जिल्ह्याच्या दूध संघाच्या पशुखाद्य कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले. आदल्या रात्री शास्त्रीजी अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी राहिले होते. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. त्या संघाने पशुखाद्याचा कारखाना स्वतः काढला, कारण दूध घालणाऱ्याला खुराक कसा मिळतो यावर दूध अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते. सहकारात खुराक आणि दूध ही दोन वेगळी खाती नव्हेत.

आपल्याकडे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत उभे राहिले. उसाच्या वजनकाट्याबद्दल आणि साखर उताऱ्याबद्दल आपण वार्षिक सभेत उभे राहून प्रश्न विचारतो. उताऱ्याचा दशांश टक्का इकडचा तिकडे झाला तरी आपल्याला कळते. तीच नजर पेंडीच्या पोत्याला लावायला काय हरकत आहे?

गावच्या दूध संस्थेने एकत्र पेंड घ्यावी आणि प्रत्येक बॅचबरोबर तीन आकडे मागावेत. ओलावा किती, अफ्लाटॉक्सिन किती आणि गोळीची मजबुती किती. मजबुतीची परीक्षा ठरलेली आहे: चाळलेली ५०० ग्रॅम गोळी पेटीत घालून मिनिटाला ५० फेरे अशी १० मिनिटे फिरवतात, पुन्हा चाळतात आणि शंभरात किती अख्खी राहिली ते सांगतात. ९५ च्या आसपास राहिली तर वाटेतला मार ती सोसेल. ९० च्या खाली आली तर भुगा निघणारच. ज्यांच्याकडे बरी यंत्रणा आहे त्यांना हे आकडे देणे अवघड नाही. जे देणार नाहीत त्यांच्याबद्दलही आपल्याला काहीतरी कळलेच.

पुढच्या वेळी डेअरीवर पेंडीचा विषय निघाला की नुसते "भुगा लई" म्हणून किटली उचलू नये. वहीतला आकडा सांगावा. दहाजणांनी सांगितला तर संस्थेचा सचिव लिहून घेईल, आणि दहा गावांनी लिहून पाठवला तर बनवणाऱ्याला वाफेचा कॉक, कूलरचा पंखा आणि मक्याचे माप, तिन्ही तपासून पाहावे लागेल.